वेयिल-आक्का

एप्रिलच्या भर दुपारी आक्का उडदाच्या वाफ्यात उभी असायची. छत्री असायची, पण मिटून काखेत. "उघडली तर झाडांवर सावली पडते," म्हणायची. मद्रासच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. तमिळमध्ये उन्हाला वेयिल म्हणतात, म्हणून आम्हा मुलींची ती वेयिल-आक्का. तंजावरची मराठी, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायची.

दर तासाला ती कोनमापकाने पानांचा कल मोजायची. सकाळी पानं उन्हाकडे तोंड करून पसरलेली असत. बाराच्या सुमाराला उभी होऊन उन्हाला नुसती कड दाखवत. "अन्न करायला लागतो त्याहून जास्त उजेड आला, की पानातली अन्न करायची सोयच मोडते गं," ती म्हणायची. "म्हणून ते अंग चोरतं." खात्री करायला तिने काही पानं दोऱ्याने आडवी बांधली. आठवड्याभरात ती फिकट पडली.

विभागप्रमुख म्हणाले, "ही उष्णतेची करणी. उजेडावर जगणाऱ्या पानाला उजेड कसा बाधेल?"

आक्काने वाद घातला नाही. कुंडीतल्या रोपांची पानं तशीच बांधून तिने ती रोपं सावलीत ठेवली आणि भोवती गरम पाण्याचे डबे मांडले. पाणी निवलं की पुन्हा तापवायची, बोटं भाजली. उन्हाइतकीच तापूनही ती पानं हिरवी राहिली.

तिने वही सरांपुढे ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "उद्याच्या प्रॅक्टिकलच्या स्लाइड्स झाल्या?"

"झाल्या, सर."

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. "दमले गं मी," एवढंच म्हणाली.

पुढच्या वर्षी वाफ्यांच्या जागी वसतिगृहाचा पाया खणला गेला. आक्काने राजीनामा दिला आणि ती तंजावरला भावाकडे निघाली. एग्मोर स्टेशनवर तिने खिडकीतून माझा हात धरला. "उडीद वळतो आणि सुटतो. भाताचं पान तर वळत नाही. ते जास्तीचं ऊन कुठे टाकतं? शोध हं."

मला नाही शोधता आलं. मी शाळेत शिकवत राहिले. निवृत्तीच्या सुमाराला एका मासिकात वाचलं: पानातली पिवळी द्रव्यं जास्तीच्या उजेडाची उष्णता करून ती सोडून देतात. त्याच दुपारी आक्काला पत्र लिहायला बसले. चार पानं झाली. पत्ता घालताना हात थांबला. आक्का जाऊन सहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी ते पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. एका मुलीने विचारलं, "टीचर, या आक्का कोण?"

तास संपेपर्यंत मी सांगत राहिले.