वरातीतला खालचा आवाज

आमच्या गावच्या बँडमास्तरावर माझा पहिल्यापासून संशय आहे. बोलताना हा माणूस समोरच्याकडे बघत नाही, शर्टाच्या टोकानं ट्रंपेट पुसत राहतो. वरातीत स्वतःची म्हणून जी नवी धून वाजवतो, ती सरळसरळ आमच्या चर्चमधल्या जुन्या गीताची चाल आहे. मी तसं तोंडावर म्हणालो, तर पुसता पुसता म्हणतो कसा, "आसंल की गुर्जी. लई ग्वाड हाय."

रविवारी नवरदेवाला मारुतीला नेताना चर्च आलं, की तो हात वर करून बँड थांबवतो. लोकांना वाटतं, उपासनेचा मान ठेवतो. एका रविवारी गाता गाता मी क्वायरच्या बाकावरून खिडकीबाहेर पाहिलं. हा फाटकाला टेकून ऐकत होता, आणि त्याची बोटं मुक्या ट्रंपेटच्या बटणांवर चालली होती.

पुढच्याच आठवड्यात काष्टी गावातल्या लग्नात त्या चालीखाली त्याच्या बँडमधल्या मोठ्या बाजानं एक जाड सुरावट धरली. मी जागीच थबकलो. क्वायरमध्ये तो खालचा आवाज मी एकटाच लावतो. इतक्या वर्षांत माझ्या बायकोलाही तो कधी वेगळा ऐकू आला नाही. या चोरानं तोही उचलला होता, आणि अख्खी वरात त्यावर नाचत होती.