कार्यपद्धतीत नसलेला हात

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा होती आणि तिच्या पोटात एक निःशब्द खोली. भिंतींवर, छतावर निळ्या फोमचे सुळके; आवाज काय आणि रेडिओलहरी काय, त्यांच्यात विरून जात. दार लावले की स्वतःचे रक्त वाहताना ऐकू येई. फिरत्या चौरंगावर, थर्माकोलच्या ठोकळ्यावर मोबाइल ठेवलेला असे. तो इतक्या संथपणे वळे की पाहता पाहता आपणच वळत आहोत असे वाटे. दोन हजारच्या दशकाची ती अखेरची वर्षे. दोन अँटेनांचे फोन नुकतेच तपासणीला येऊ लागले होते; दोन्ही मिळून किती वेगाने माहिती खेचतात, ते मी मोजत असे.

माझ्या हाताखाली म्हसा गावाकडची एक तंत्रज्ञ होती. ती कंत्राटी होती. कायम होण्यासाठीची तिची मुलाखत महिन्यावर आली होती. एका फोनचे आकडे उत्तम आले तेव्हा ती म्हणाली, “सर, फोन थर्माकोलवर ठेवून कोन बोलतं? हातात घेतला का खालचा अँटेना मुठीत जातो ना.”

“चाचणीच्या लेखी कार्यपद्धतीत हात नाही,” मी म्हणालो.

“मग ती लिहिनाऱ्याला हात नसतील!”

सगळे हसले. मला ते लागले.

जेवणाच्या सुटीत तिने रबरी हातमोज्यात, लहरींना अंगासारखेच अडवणारे मिठाचे पाणी भरले, तो माणसाच्या मुठीसारखा फोनभोवती दोऱ्याने बांधला आणि चौरंग फिरवला. खालचा अँटेना जवळजवळ मुका झाला. तिने तशी नोंद केली. मी ती अहवालातून गाळली आणि ‘उत्तीर्ण’ लिहून सही केली. त्याला तेव्हा मी शिस्त म्हणत असे. तो राग होता.

पंधरा दिवसांत फोन बनवणाऱ्यांची तक्रार आली: हातात धरला की वेग पडतो. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सर्वांसमोर विचारले, “कुणाच्याच लक्षात आले नव्हते?”

ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, “नाही.”

मुलाखतीनंतर तिच्या नावापुढे शेरा पडला: निरीक्षण कमी पडते. कंत्राट संपले आणि ती गावी परतली.

काही आठवड्यांनी मी जीपने तिच्या गावी गेलो. वाटेतली शेते, झाडे काचेपलीकडे आवाजाविना सरकत होती; मी अजून त्या खोलीतच होतो जणू. ती अंगणात वाल निवडत बसली होती. मी सारे कबूल केले.

“ते तर मला ठाऊकच हाय, सर. साहेबांना सांगितलंत का?”

“नाही.”

“मग माझ्याकडं कशाला आलात? दार चुकलात तुमी.” मग जरा हसून म्हणाली, “बसा, चहा घ्या.”

सोमवारी मी साहेबांना सारे सांगितले. त्यांनी अहवाल मागवला. तिची नोंद मी माझ्या अक्षरात त्यात लिहिली आणि खाली तिचे नाव घातले. तिच्या जागेवर मात्र आदल्याच आठवड्यात दुसरे कुणी रुजू झाले होते.