उद्धट बँकेचे ठेवीदार

आमच्या हिच्या मामांइतका बँकांचा गाढा अभ्यास अख्ख्या दिल्लीत कोणी केला नसेल, आणि त्या अभ्यासाचा इतका कमी उपयोगही कोणाला झाला नसेल. ताळेबंद, भांडवल असल्या किरकोळ गोष्टींकडे मामा ढुंकूनही पाहत नसत. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळी नोकरी काढलेल्या या गृहस्थांचा सिद्धान्त एकच होता: जिथे माणसाचा अपमान होतो, तिथे त्याचा पैसा सुरक्षित असतो. काउंटरवरच्या बाईंनी विणकामातून मान वर न काढता 'कल आना' म्हटलं, की मामा तृप्त होऊन घरी येत.

पुढे उदारीकरण आलं, गुडगावात काचेच्या इमारती उगवल्या आणि टाय लावलेल्या पोरांच्या नव्या बँका निघाल्या. त्यातल्या एकीत मी खातं उघडलं, तेव्हा मामा जातीने पाहणीला आले. दारातच एका मुलीने हसून स्वागत केलं, दुसरीने पाणी आणलं. मामांनी ग्लासाला हात लावला नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "जावईबापू, जी बँक पाणी विचारते, ती आपलेच पैसे पिते. काढून घ्या." मी काढले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक भेटीत मामा माझ्या ठेवीची चौकशी, घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असावं, अशा आवाजात करत.

मग त्यांना ती बँक सापडली. आपल्या लोकांची सहकारी बँक, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या मराठी मॅनेजरने पहिल्याच भेटीत त्यांना 'सही धड जमत नसेल तर अंगठा उठवा' असं सुनावलं आणि मामा भारावून गेले. ऊठसूट 'जी, सर' करणाऱ्या या शहरात तोंडावर फाडकन बोलणारा माणूस लबाड असेलच कसा? आपल्या लोकांची ही खोड जुनीच आहे. जीभ फटकळ दिसली की मन निर्मळ असणार, हे आपण धरूनच चालतो. मामांनी निवृत्तीचा निम्मा पैसा तिथे ठेवला. उरलेला गुडगावच्या फ्लॅटच्या बुकिंगमध्ये होता.

एवढ्यावर थांबले तर ते मामा कसले. पालमला एक सुभेदारीणबाई राहत. साताऱ्याकडच्या, नवरा फौजेत असतानाच गेलेला, पदरात एक मुलगी. तिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी राखलेली सगळी पुंजी मामांनी त्यांनाही त्याच बँकेत ठेवायला लावली. त्या कचरत होत्या. "वहिनी, अजिबात भिऊ नका, मॅनेजर वसकन अंगावर येतो," असा मामांनी त्यांना धीर दिला.

बँक यथावकाश बुडाली. संचालकांनी आपल्याच सोयऱ्यांना कर्जं वाटली होती. मॅनेजरने बाणा मात्र सोडला नाही. जिन्यात रडणाऱ्या ठेवीदारांवर 'रांग लावा' म्हणून खेकसूनच तो मागच्या दाराने पसार झाला. पैसे काढायला बंदी आली. ठेवींच्या विम्याचे पैसे मिळतील, पण कधी ते कोणी सांगेना, आणि मुलीची फी तर जूनमध्ये भरायची होती.

एका सकाळी मामा मला गुडगावला घेऊन गेले आणि त्यांनी फ्लॅटचं बुकिंग रद्द केलं. बिल्डरचा पोरगा कळवळून म्हणत होता, "अंकल जी, मत कीजिए, रेट डबल होने वाला है." पैसे हातात आले त्याच दिवशी आम्ही पालमला गेलो. "वहिनी, विम्याचे आले. ठेवीची पावती द्या, मला ती जमा करायची आहे," असं म्हणून मामांनी मुलीच्या शिक्षणाचे सगळे पैसे त्यांच्यापुढे ठेवले. खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांचे कान लाल झाले होते. बाईंचा आनंद गगनात मावेना.

मुलगी नर्स होऊन हिंदूराव इस्पितळात लागली. सुभेदारीणबाई पालमभर सांगत फिरतात की बँकेतला पैसा कधी बुडत नाही, स्वानुभव आहे. मामा निवृत्तीनंतर घेतलेल्या भाड्याच्या दोन खोल्यांतच राहिले. परवा बाई पेढे घेऊन आल्या आणि मुलीच्या पगाराचे पैसे कुठल्या बँकेत ठेवावेत, म्हणून विचारू लागल्या. मामा माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "यांना विचारा. मला त्यातलं काही कळत नाही."

बाई हसल्या. म्हणाल्या, "असं कसं भाऊ? तुमच्या शब्दावर ठेवले, म्हणून तर माझे परत मिळाले."