नंदाताईची कात्री

निवडणूक जाहीर झाल्याचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी अंधेरीला ऑफिसात होते. सवयीने लगेच नंदाताईला फोन लावला. फोन तिच्या सुनेने उचलला. "काकू, आई गेल्या... अर्धा तास झाला." दिंडोशीला पोचेपर्यंत रिक्षात माझ्या डोक्यात एकच विचार होता, आता यादीवर खुणा कोण करणार? वाईट वाटायला वेळ नंतर मिळाला. नंदाताईला यात काही गैर वाटलं नसतं.

नंदाताई परब आमच्या वसाहतीची पक्षाची बूथप्रमुख, मी लग्न होऊन इथे आले त्याच्याही आधीपासून. मतदारयादी हातात आली की तिच्या अंगात वारं शिरायचं. पेन्सिल कानावर, यादी काखेत, मागे मी, आणि एकेक इमारत चढायची. मत कोणाला देणार, हे ती कधीच विचारायची नाही. पाणी मागायची. नुसतं पाणी आलं तर नावापुढे टिंब, म्हणजे डळमळीत. घरच्यासारखा चहा टाकला तर बरोबरची खूण. आणि सरबत, बिस्किटं, वर पंखा मोठा केला, तर जिन्यात येऊन फुली. "इतको मान देतत ते मत देणत नाय गो." निकालाच्या दिवशी आमच्या बूथचे आकडे आले की तिच्या खुणा अशा जुळायच्या, की माझ्या अंगावर काटा यायचा. उमेदवार कोण, हा प्रश्नच नसे. "उमेदवार येतत नि जातत. आपणाक चिन्ह बघूचां." हे मी तिच्याकडूनच शिकले.

मागच्या खेपेला मात्र पक्षाने तिकीट दिलं ते आठ दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या माणसाला. वसाहतीच्या मैदानाला पत्रे ठोकून आत स्वतःच्या गाड्या लावणारा हाच. त्याच्याविरुद्ध बायकांच्या सह्या नंदाताईनेच गोळा केल्या होत्या, आणि त्या अर्जाबद्दल पक्षाने तिला हार घातला होता. बैठकीत ती उभी राहिली. "चिठ्ठ्या वाटीन. मत मागूचंय नाय." वॉर्डाचे अध्यक्ष हसले, "मग काय परबबाई, पोस्टमन होणार?" "होय. पोस्टमन पत्र लिवणा नाय, पोचवता." सगळे हसले. अध्यक्ष सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले तर ती जमिनीवर चिठ्ठ्यांचे गठ्ठे पसरून बसलेली. चिठ्ठीवर खाली मतदाराचं नाव आणि क्रमांक, वर डावीकडे पक्षाचं चिन्ह, उजवीकडे उमेदवाराचा हसरा चेहरा. शिवणाच्या कात्रीने ती एकेक चेहरा कापून काढत होती.

"ताई, अगं हे काय?"

"चिन्ह ठेवतंय. पक्ष सोडूक नाय मी."

"चिन्हाचं बटण दाबलं की मत त्यालाच जातं. फोटो कापून कोणाला फसवतेयस? आणि उमेदवार येतात-जातात, हे तुझंच ना?"

कात्री हातात तशीच राहिली... तिच्या दाराच्या चौकटीवरही तेच चिन्ह होतं. नवरा गेल्यावर ती सावरली ती या कामाने, हे मला ठाऊक होतं. एवढं बोलायला नको होतं असं मला वाटायला लागलं. मग तिने कापून झालेला गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला आणि डावा कोपरा कापायला घेतला. पहिल्या दोन-चार चिठ्ठ्या वाकड्या गेल्या. "बघतंस काय? फडताळात दुसरी कात्री आसा." मी काढली. खरं सांगते, इतक्या वर्षांच्या प्रचारात तेवढी मजा मला कधी आली नव्हती. आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळत कागद कापत होतो.

चिठ्ठ्या घरोघर पोचवल्या. "ताई, यंदा कोणाला?" असं जो तो विचारी. "चिठ्ठी कोरी आसा. तुमीच ठरवा," एवढंच ती म्हणे. त्या दिवशी एकाही घरात सरबत आलं नाही. फुलीच्या घरांतसुद्धा चहा.

तो माणूस निवडून आला; आमच्या बूथवर मात्र मागे पडला. आठवड्याच्या आत नंदाताईचं पद गेलं, तरी पुढच्या यादीवर खुणा तीच करणार असंच मला वाटत होतं. विजयाची मिरवणूक खालून गेली तेव्हा ती खिडकीत उभी होती, कोणी वर बघितलं नाही. समोरच्या पक्षाचं बोलावणं आलं, तर म्हणाली, "घरात भांडाण झालां म्हणान मी शेजाऱ्याकडे ऱ्हवाक जाव?" शेवटपर्यंत ती कुठेच गेली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी तिच्या सुनेकडे ती कात्री मागितली. तिने शिवणाचा अख्खा डबाच आणून दिला. चेहऱ्यांचे तुकडे चिठ्ठ्या कापल्या त्याच दिवशी मी कचऱ्यात टाकले होते. चिन्हांचेही गेले असतील असं धरून चालले होते. ते सगळे डब्यात होते, रबर लावून, नीट रचलेले... वाकडे गेलेलेसुद्धा.

परवा अध्यक्षांचा फोन आला. यादी तुम्ही बघाल का? बघेन म्हटलं, उमेदवार कोण ते आधी कळू दे. ते अजून ठरायचंय म्हणे. मी कात्रीला धार लावून आणली आहे.