तेरा ऑगस्टच्या तीन नोंदी

बनाबाईच्या सासरी कोणाची जन्मतारीख कोणाला ठाऊक नव्हती. सासरे किसनराव मोठ्या पुराच्या आधी जन्मलेले, नवरा निवृत्ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. साल कोणतं, ते देव जाणे. बनाची तारीख मात्र अख्ख्या गावाला पाठ होती. तेरा ऑगस्ट एकोणीसशे चाळीस. त्या तारखेला तिचा आजा मेला, त्याच तारखेला बाप मेला आणि त्याच तारखेला ती जन्मली. "दोघं गडी खाऊन मंग आली," असं बायका म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या अंतरावरून.

हे सगळं एका कागदामुळे झालं होतं. बनाचं माहेर बीबी या गावाजवळचं लहानसं खेडं. चाळीस सालच्या पावसाळ्यात तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि घरंच्या घरं आडवी झाली. साथ सरल्यावर शेताच्या फेरफारासाठी बनाचे काका हिंमतराव यांनी कोतवाल बुकाची नक्कल काढून आणली. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे ज्यात लिहीत ते सरकारी पुस्तक म्हणजे कोतवाल बुक. नक्कल चावडीपुढे मोठ्यानं वाचली गेली. एकाच तारखेखाली घरातली दोन मयतं आणि 'एक मुलगी, नाव नाही' हे ऐकून माणसं जी बोलायला लागली ती थांबलीच नाहीत. बनाची आई गीताबाई त्या आठवड्यात तापानं बेशुद्ध होती. "मले काही आठोत नाही व माय," एवढंच ती सांगे. बना नऊ वर्षांची असताना तीही गेली.

अशा पोरीला डोळे फार लवकर फुटतात. हळदीकुंकवाची वाटी आपल्यापाशी येता येता कशी वळते, बाळंतिणीच्या खोलीचं दार आपण दिसताच कसं लोटलं जातं, हे तिनं सहाव्या-सातव्या वर्षीच टिपलं होतं. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे काकांनी लोणारकडच्या एका घरात लग्न लावून दिलं. तारखेचा विषय त्यांनी काढला नाही. पण दोन्ही गावांत बांगड्या विकत फिरणाऱ्या बद्रुद्दीनच्या तोंडून वर्षाच्या आत ती गोष्ट सासरी पोचली. त्या दिवसापासून सुनेच्या हातचं ताट आपल्या नवऱ्यापुढे जाण्याआधी सासू झुंबरबाई स्वतः त्यातला एक घास खाऊ लागली.

एकसष्ट साली नेमकी तेरा ऑगस्टला घरची दुभती म्हैस पान लागून, म्हणजे साप चावून, मेली. झालं! पुढच्या वर्षापासून त्या दिवशी बनाला सकाळपासून गोठ्यात बसवायचं ठरलं. त्यात शाळेतले भगवानराव गुरुजी रोज फळ्यावर दिनविशेष लिहीत. त्या तेरा ऑगस्टला त्यांनी लिहिलं होतं, 'आज अहिल्याबाई होळकर यांची पुण्यतिथी.' झुंबरबाईनं ते एका पोराकडून वाचून घेतलं.

"पाह्य, फळ्यावरबी मरनच हाये."

"अहो बाई," गुरुजी म्हणाले, "वर्षातली कोणतीही तारीख काढा, कोणीतरी गेलेलंच असतं."

"मंग तुमच्या तारखेले कोन गेलं, ते सांगा."

गुरुजी दिनविशेषाचं पुस्तक चाळू लागले. झुंबरबाईला तेवढं पुरलं.

चौसष्ट साली बनाला तिसऱ्यांदा दिवस होते. पहिली दोन बाळंतपणं माहेरी, हिवाळ्यात झाली होती. या खेपेला दिवस भरत होते ते ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. किसनरावांना दम्यानं धरलेलं होतं. झुंबरबाईनं जुलैतच गाठोडं बांधलं. "माहेरी जाय. तारीख टळली का ये." तेवढ्यात हिंमतराव काकांचं पत्र आलं. 'यंदा बाळंतपणाला इकडे येऊ नये, घरात आजारी माणूस आहे.'

बनानं पत्र दोनदा वाचलं. तिला काकांचा संशय पहिल्यापासूनच होता. बापाची जमीन कसत होते काका, नक्कल आणली काकांनी, वाचून दाखवली काकांनी. ती तारीख त्यांनीच घातली नसेल कशावरून? बापाला खाणारी पोरगी बापाच्या वावराबद्दल कोणत्या तोंडानं विचारणार!

दवाखान्यात दाखवून येते असं सांगून ती एकटीच एस.टी.नं मेहकरला गेली. तहसील कचेरीत जुनी दप्तरं सांभाळणारे पंजाबराव म्हणून कारकून होते. अर्ज घेतला, चष्मा पुसला आणि अर्ध्या तासानं एक कडा झिजलेलं पुस्तक आणून तिच्यापुढे उघडलं.

"हे पाहा बाई. तेरा ऑगस्ट. तीन नोंदी."

होत्या. एका शाईत, एका हातच्या. खाडाखोड नाही, मागून घुसडलेलं काही नाही. म्हणजे काकांनी खोटं केलेलं नव्हतं. ते खरंच होतं.

दुसरी कोणी असती तर पदर सावरून निघाली असती. पण बनाचा स्वभावच असा, की कोणी चांगलं म्हणालं तरी ती ते पालथं करून पाहायची. तिनं पान उलटलं. वीस ऑगस्टला पाच नोंदी. मागं गेली. सहा ऑगस्टला दोन. मधल्या दिवसांत गावात कोणी नाही जन्मलं, कोणी नाही मेलं. पटकी चालू असताना! तिनं बोटांवर मोजलं. सात. पुन्हा सात.

"साहेब, आमच्या गावात लोक आठवड्यातून एकच दिवस मरत होते काय?"

पंजाबरावांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं, पानं चाळली, आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "पोलीस ठाण्यात सांगाले कोतवाल आठवड्यातून एकदाच जाय. त्याले विचारा. जिता असन तं."

कोतवाल पुंजाजी जिवंत होता. सत्तरी उलटलेली. माहेरच्या गावात, काकांच्या घरापासून चार दारं सोडून, बना पोचली तेव्हा उंबऱ्यात अंबाडीचा दोर वळत बसला होता.

"पुंजाबाबा, मी गीताबाईची बना."

"अशी अवघडलेली उन्हात काऊन आली व?"

"बुकात माह्या बापाचं नाव तुमी कोनत्या दिवशी लिवलं?"

"म्या कायचं लिवतो? मले लिवता कुठी येते? म्या दर मंगळवारी ठाण्यात जाऊन सांगो, मुन्शी लिवे. ज्या दिवशी लिवे त्याच दिवसाची तारीख टाके. पटकी चालू, मले पाहून तो दुरूनच म्हने, लवकर सांग अन् जाय. कोन कव्हा मेलं, हे इचाराले वेळ कोनाले होता?"

"मंग तिघांत आधी कोन?" बनानं विचारलं.

पुंजाजीनं दोर मांडीवर ठेवला. "आधी तुहा आजा. शुक्रवारी, दिवस मावळता. त्याच रात्री तू झाली. शनिवारी सकाळी तुहा बाप माह्या दारी आला. घरात मयत झालेली, म्हनून बाहेरच उभा राह्यला. म्हने, पुंजाजी, पोरगी झाली, मंगळवारी जाशीन तव्हा सांगजो. म्या म्हनलं, सुतकात कायची घाई? तं म्हने, नाही, सांगजोच. कान माह्यावानी हायेत म्हने तिचे. रविवारी रात्री त्यालेच पटकी लागली. सोमवारी गेला."

बनाच्या तोंडून जे निघालं ते तिलाही नको होतं.

"तुमी माह्या समाधानासाठी तं नाही सांगत?"

म्हातारा ताडकन उठायला गेला, गुडघ्यानं साथ दिली नाही. "समाधान कराले तू काय माही लेक हायेस? चोवीस वर्सांत मले एकानं इचारलं नाही. तू इचारलं म्हनून सांगतलं. नको ठेवू भरोसा. जाय!"

त्या 'जाय'वर तिचा विश्वास बसला. गोड बोलणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती; त्यातलं एकही असं खेकसलं नव्हतं.

तिथून ती काकांकडे गेली. रस्त्यात सगळं भांडण जुळवून ठेवलेलं. पण हिंमतराव ऐकता ऐकता खाटेवर बसले आणि त्यांचा चेहरा उतरला. साथीत ते खामगावला जिनिंगमध्ये कामाला होते. आले तेव्हा सगळ्यांच्या राखा सावडून झाल्या होत्या.

"पुंजाबाबा चार घरांवर बसला हाये, काका. तुमाले एकदाबी इचारावं नाही वाटलं?"

"सरकारी कागद होता पोरी. कागदाले कोन इचारते?"

ते खोटं बोलत नव्हते. बनाला हेच अवघड गेलं. इतकी वर्षं ज्याला चोर धरलं तो चोर नव्हता, आणि साव म्हणावं असंही त्यानं काही केलं नव्हतं. ती पाणी प्यायली आणि उठली. बाळंतपणाला ये, असं काका तेव्हाही म्हणाले नाहीत.

सासरी तिनं ओसरीत उभं राहून सगळं सांगितलं; तेरा तारीख ना जन्माची, ना मरणाची, ती नुसती मुन्शीनं लिहिल्याची. झुंबरबाईनं ऐकून घेतलं. "म्हातारा तुह्या माहेरचा. तो तुह्याच बाजूनं बोलन."

खाटेवरून किसनरावांचा धापा टाकणारा आवाज आला. "अन् कागद कोनाच्या बाजूनं बोलला व?" मग दम घेऊन ते म्हणाले, "पोरगी कुठीबी जानार नाही. बाळंतपन इथंच."

ज्याच्या जिवाची भीती, तोच असं म्हणाल्यावर झुंबरबाईचं काही चाललं नाही. तिनं गाठोडं सोडलं, पण नजर सोडली नाही.

बारा ऑगस्टला, बुधवारी दुपारी, बनाला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तेरा तारीख. झुंबरबाई सकाळपासून ओसरीच्या कडेला बसून राहिली. नवरा खोकला की ती मान वर करी. आत बाजेवर बनाही तेच करत होती. पुंजाजीचा शब्द तिला पटला होता, तरी कान ओसरीवरच. आणि दुपारी कधीतरी खोकला थांबला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बना भिंतीला धरून उठली, एका हातानं पोट आवळून दारापर्यंत आली. समोरच्या बाजूनं झुंबरबाईही तितक्याच चोरपावलांनी येत होती. दोघी खाटेच्या दोन अंगांना उभ्या. किसनरावांच्या ओठावर माशी बसलेली. झुंबरबाईनं हात त्यांच्या नाकाजवळ नेला.

किसनरावांनी डोळे उघडले.

"काय व? दोघी अशा काऊन उभ्या?"

झुंबरबाईनं माशी हाकलली. "माशा बसून राह्यल्या," ती म्हणाली. मग सुनेकडे न पाहताच म्हणाली, "तू कायले उठली? ओली बाळंतीन हायेस. पड जाऊन." आणि तिचा दंड धरून तिला आत घेऊन गेली. इतक्या वर्षांत सासूचा हात आपल्याला पहिल्यांदा लागतो आहे, हे बनाला बाजेवर टेकल्यावर कळलं.

किसनराव त्यानंतर तीन वर्षं जगले आणि एका थंडीत गेले. बनाला गोठ्यात बसवणं बंद झालं. कोणी तसं ठरवलं नाही, नुसतं पुन्हा कोणी बसवलं नाही. मुलगी वर्षाची झाली त्या तेरा ऑगस्टला ती गावातल्या इतर बायकांबरोबर कपाशीत निंदत होती. ओळीत सहा जणी होत्या. तारखेचं नाव कोणी काढलं नाही. पण दोघी कुजबुजल्या की बनाचं खुरपं थांबे, आणि त्या काय बोलत असतील ते ती दिवस मावळेपर्यंत ताडत राहिली.