पडद्याकडे टाकलेल्या अक्षता

अमरावतीत आजवर जेवढी लग्नं लागली त्यांतली निम्मी आमच्या मामानं लावली असतील, आणि हिंदी सिनेमात जेवढी लागली त्यांतली निम्म्याहून जास्त त्यानं रद्द केली आहेत. मामा राजापेठेत राहतो आणि भिक्षुकी करतो. सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळं करतो, पण त्याचा जीव दोनच ठिकाणी, लग्नात आणि पिक्चरमध्ये. आणि पिक्चरमध्ये लग्न आलं की तो आपला राहत नाही. नटनट्यांची नावं त्याच्या कधीच लक्षात राहिली नाहीत. तो त्यांना लग्नावरून ओळखतो. ज्याचं दोनदा मोडलं तो, जिनं हार घालताना नवरदेवाचा फेटा पाडला ती, असं. ज्याच्यापायी सगळा देश वेडा झाला आहे अशा एका नटाबद्दल मामाचं मत एवढंच, की त्याला पाटावर मांडी घालता येत नाही. "त्याले अ‍ॅक्टिंग येत असन," मामा म्हणतो, "पण बसला की त्याचे गुडघे वर राह्यतात. असा माणूस संसारात टिकत नाही."

मी अकोल्याचा. कॉलेजसाठी मामाकडे राहिलो आणि शिकलो ते बहुतेक दुपारच्या खेळाला, मामाच्या शेजारच्या खुर्चीवर. सिनेमावाल्यांना सातही फेरे पुरे करण्याचा कंटाळा असतो, हे मला तिथं कळलं. तीन-चार फेरे झाले की गाणं सुरू होतं, कॅमेरा वर झुंबराकडे जातो आणि खाली येतो तोवर नवरी सासरी पोचलेली असते. मामाच्या लेखी ते लग्न लागलेलंच नसतं, त्यामुळे पुढचा सगळा पिक्चर त्याला बिनबुडाचा वाटतो. एकदा मध्यंतरानंतर एक नायिका सासरी अतोनात छळ सोसत होती. आजूबाजूच्या बायकांनी डोळ्याला पदर लावले होते. मामा उठून उभा राहिला आणि पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "बाई, तू घरी जाय. तुह्यं लगनच लागलं नाही." मागच्यांनी त्याला ओढून खाली बसवलं. पण खेळ सुटल्यावर दोन बायकांनी आम्हाला पायऱ्यांवर गाठून विचारलं, की गुरुजी, हे खरं का? मामानं त्यांना तिथंच उभं राहून सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांचे पदर कोरडे झाल्यावरच तो जिना उतरला.

एवढा कडक माणूस, पण सदऱ्याच्या खिशात कायम अक्षता. पडद्यावर लग्न लागायला आलं की तो हळूच मूठ भरतो, तोंडातल्या तोंडात सावधान म्हणतो आणि पडद्याच्या दिशेनं अक्षता टाकतो. त्या पुढच्या दोन रांगांतल्या लोकांच्या केसांत पडतात, हा भाग वेगळा. रद्द करायच्या लग्नावर अक्षता कशाला, असं मी एकदा त्याला विचारलं होतं. त्याला माझ्या अज्ञानाची दया आली. म्हणाला, "लगन चुकू शकते भाऊ. अक्षता चुकत नाही." पुढे गावात मॉल आला आणि दारावरच्या शिपायानं मामाचा खिसा चाचपून, बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत, असं बजावलं. मामानं ओंजळभर पिवळे तांदूळ त्याच्यापुढे धरले आणि खाऊन दाखव म्हणाला. शिपाई विचारात पडला. मग त्यानं आपल्या बहिणीचं कुठं जमत नाही ते सांगितलं, मामानं पत्रिका घेऊन ये म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून तो खिसा कुणी तपासत नाही.

पितृपक्षात लग्नं नसतात, म्हणून तो मामाच्या पिक्चरचा खरा हंगाम. श्राद्धाचं जेवण, त्यावर पान, बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत तो गार अंधार. मामाला पहिल्या दहा मिनिटांत झोप लागते. पण तो पुरा झोपत नाही. पिक्चरमधली माणसं त्याच्या स्वप्नात चालत येतात, त्याची माणसं पिक्चरमध्ये जातात, आणि घरी आल्यावर तो मामीला जी गोष्ट सांगतो ती कुठल्याच दिग्दर्शकानं काढलेली नसते. तीत नायक आमच्या बडनेरा जंक्शनवर गाडी बदलतो. नायिकेच्या लग्नात मामाची वारलेली आई वाढायला असते. मामी भाजी निवडत ऐकते आणि म्हणते, मले तिकीट काढाची गरजच पडली नाही. मी ते सगळे पिक्चर पाहिलेले असत. खरं सांगतो, मामाचे जास्त चांगले होते. ज्या टॉकीजमध्ये आम्ही बसायचो तिथं आता मंगल कार्यालय झालं आहे, आणि मामा तिथं लग्नं लावतो. पडदा होता बरोबर तिथंच मांडव घालतात. कधी कधी मंगलाष्टकं म्हणताना तो मान वर करून मागच्या भिंतीकडे बघत राहतो. तिथं पूर्वी बाल्कनी होती.

त्याचा खरा राग सिनेमातल्या बापांवर. पाठवणीच्या वेळी खांबाला मिठी मारून हंबरडा फोडणारा बाप दिसला की मामा अस्वस्थ होतो. मामानं हजारदा पाठवणी बघितली आहे. बाप त्या वेळी खांब धरत नाही, असं त्याचं ठाम मत. "बाप त्या टायमाले ड्रायव्हर जेवला का ते पाह्यते," तो म्हणतो. "रडाचं काम नवरीच्या मामाकडं असते."

अशा माणसाच्या पोटी मीनू जन्मली, माझी एकुलती एक मामेबहीण. तिच्या लग्नात कन्यादान करायचं की मंत्र म्हणायचे, हा पेच मामाला ती शाळेत होती तेव्हापासून पडला होता, कारण दोन्ही एकाच माणसाला करता येत नाही आणि दुसऱ्या भटजीच्या उच्चारांवर त्याचा भरवसा नाही. मीनूनं तो पेच सोडवला. पुण्यात तिच्याच ऑफिसातला, दर्यापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा तिनं पसंत केला. जात वेगळी होती, पण मामा त्यावर अडला नाही. पिच्चरमध्ये असं आलं की आपण कोणाच्या बाजूनं रडतो ते मले माहीत आहे, म्हणाला. अडला तो पुढच्या वाक्यावर. मीनू म्हणाली, "बाबा, मी दान करायची वस्तू नाही. आम्ही रजिस्टर लग्न करणार. तुम्ही फक्त या."

महिन्याभरानं मला अकोल्याला मामीचा फोन आला. लग्न चार दिवसांवर होतं आणि साक्षीदार म्हणून मी जाणारच होतो, पण ती म्हणाली आजच ये. मी विचारलं, मामा जेवत नाही का? "जेवतात," मामी म्हणाली. "पण पिच्चर पाह्यनं सोडलं त्यायनं. आता मले भेव वाटून राह्यलं."

मी गेलो तेव्हा मामा गच्चीवर एकटाच बसला होता. बराच वेळ त्यानं माझ्या नोकरीची, अकोल्याच्या उन्हाची चौकशी केली. मग म्हणाला, "सांग बरं, असं लगन मी पडद्यावर पाह्यलं असतं तं काय म्हटलं असतं?" उत्तर त्यानंच दिलं. "नामंजूर म्हटलं असतं," तो म्हणाला. "आता माह्या पोरीच्या लगनाले मी नामंजूर कसं म्हणू? अन् मनातून तसं वाटून राह्यलं तं तिच्यासमोर जाऊन उभा कसा राहू?" मामाला खोटं हसता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मीनूलाही. म्हणून तिनं पुन्हा एकदाही विचारलं नाही, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी मामा देवघरातून उठेना तेव्हा ती दाराशी नुसतीच नमस्कार करून निघाली.

विवाह नोंदणीच्या ऑफिसात वीज गेली होती. आम्ही सगळे बाकांवर घाम पुशीत बसलो. मीनू दर थोड्या वेळानं दरवाज्याकडे बघायची आणि आपण बघितलंच नाही असं दाखवायची. शेवटी पंखा फिरला, नाव पुकारलं, दोघांनी सह्या केल्या, मी आणि आणखी दोघांनी केल्या, आणि साहेबांनी अभिनंदन म्हणून हात पुढे केला. तेवढ्यात दारात मामा दिसला. धुतलेलं धोतर, सदरा, उपरणं, कपाळावर गंध.

"झालं?" त्यानं विचारलं. कारकून झालं म्हणाला. मामानं विचारलं, "मुहूर्त कोणता होता?"

"लाइट आली तोच, गुरुजी," कारकून म्हणाला.

कुणी हसलं नाही. मीनू उभी होती. मामानं तिच्याकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे, आणि त्याचा हात आपोआप खिशात गेला. त्यानं खिसा पुरता रिकामा केला. अक्षता मीनूच्या केसांवर पडल्या, त्या मुलाच्या कॉलरमध्ये गेल्या, साहेबांच्या टेबलावर विखुरल्या. सावधान म्हणताना त्याचा आवाज फुटला, हजारो लग्नांत कधी फुटला नव्हता तो. आजवर त्यानं पडद्याकडे मुठीच्या मुठी टाकल्या होत्या आणि त्यांतली एकही अक्षता पडद्यापर्यंत पोचली नव्हती. त्या दिवशी सगळ्या पोचल्या. साहेबांनी टेबलावरच्या चार उचलल्या आणि नव्या जोडप्यावर टाकल्या.

दर्यापूरची गाडी निघाली तेव्हा मामानं ड्रायव्हर जेवला का ते विचारलं आणि चाकांतली हवा पाहिली. रडलो मी. गाडी वळली, मामी पाहुण्यांना घेऊन घरी गेली, आणि मामा मला म्हणाला, "चाल, तीनचा लागते."

कुठला पिक्चर होता ते मला आठवत नाही. मध्यंतराच्या आत लग्न आलं. फेरे उलटे, भटजी भलतेच मंत्र म्हणत होता. मामाचा हात खिशात गेला आणि रिकाम्या खिशात तसाच राहिला. मग पाठवणी आली. पडद्यावरच्या बापानं खांब धरला आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला. आता मामा काहीतरी बोलणार म्हणून मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "बराबर करून राह्यला बिचारा."

बाहेर आलो तेव्हा उन्हं उतरली होती. स्कूटरजवळ मी त्याला नेहमीसारखं विचारलं, मामा, काय निकाल? लागलं की नाही हे लग्न?

"लागलं ना," मामा म्हणाला. उपरण्यानं त्यानं चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला आणि पुन्हा काढून पुसला. "तिचं तोंड पाह्यलं नाही काय तू?"

मी पाहिलं होतं. त्या पडद्यावरच्या मुलीचं नव्हे. मी स्कूटर सुरू केली आणि आम्ही हळूहळू राजापेठेकडे निघालो.