घोंगडीसरांची जांभळी पूड

आमचे केमिस्ट्रीचे सर खरं तर हाडाचे गप्पिष्ट; शास्त्रज्ञ बहुधा चुकून झाले. जव्हारच्या कॉलेजात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. 'घोंगडीसर' म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळे.

हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. त्यांची पीएचडी लोखंडाच्या एका संयुगावर चालली होती. ते थंड असलं की जांभळं, तापलं की पांढरं. का, असं विचारलं की सर फळ्यावर सहा माणसं आणि पाच घोंगड्या काढत. "थंडीत सहा जण तीनच घोंगड्यांत दोघं-दोघं शिरतात. ऊब आली की पाचही घोंगड्यांवर पांगतात. इलेक्ट्रॉनचं तेच! जोडीनं असले की चुंबकाला दाद देत नाहीत, एकटे पडले की धावलेच त्याच्याकडे." वर्ग हसून लग्नाळू पोरांकडे बघे. त्या संयुगाच्या पुडीत सरांनी एक चमकणारा पदार्थही गुंफला होता. नोटा तपासायच्या दिव्याखाली पांढरी पूड हिरवीगार उजळे, जांभळी मात्र मंद राही. "चुंबकाचा स्वभाव बदलला, हे डोळ्यांना कळायला नको का?" असं ते म्हणत.

पावसाळ्यात प्रयोगशाळेला ओल येई. म्हणून सरांनी पुडीची बाटली जामसरला, गावी आईकडे ठेवली. "बियाण्यासारखी जप," एवढंच सांगितलं. मार्चात मुंबईचे परीक्षक आले. पुडीनं त्यांच्यासमोर दोन्ही रंग दाखवले तरच पदवी मिळणार होती. सात वर्षं पणाला लागली होती. त्या सकाळी आई जीपनं आली, मांडीवर टोपली घेऊन. भातात पुरलेली बाटली तिनं काढली, तर पूड पांढरीफटक!

"रोज चुलीवर टांगलेली," ती कौतुकानं म्हणाली. "बियाला धूर लागला म्हंजे कीड लागत नाय."

पुडीला एक खोड होती. एकदा तापली की साध्या हवेत ती परत जांभळी होत नसे, कडक थंडीच लागे. कॉलेजचा फ्रिज बंद पडलेला. मी त्यांची विद्यार्थिनी, मदतीला आलेली; फ्रिजचं बटण उगाच दोनदा दाबून पाहिलं. सर मात्र आईला म्हणाले, "लई चांगलं केलंस." त्यांनी तिला खरं काय झालं ते कधीच सांगितलं नाही. आता मी स्वतः शिकवते. कुणाच्या चुकीवर ओरडायला तोंड उघडलं की मला ते तीन शब्द आठवतात आणि मी निम्मंच ओरडते.

मग मला बाजूला घेऊन सर पुटपुटले, "कुल्फीवाला कुठंय गं?"

मी धावत सुटले आणि कुल्फीवाल्याला गाडीसकट घेऊन आले. बाटली मिठाच्या बर्फात खुपसली. बाहेर काढली तेव्हा पूड जांभळी झाली होती! परीक्षकांनी बाटली स्वतः गरम पाण्यात बुडवली. पूड पांढरी झाली, दिव्याखाली हिरवी उजळली. त्यांनी सगळं पुन्हा एकदा करून पाहिलं, एक कुल्फी मागितली आणि म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर."

सर बाटली आणि दिवा घेऊन तडक बाहेर निघाले. व्हरांड्यात आई बसली होती. त्यांनी बाटली तिच्या ओंजळीत ठेवली, तिचाच पदर वर ओढून अंधार केला आणि दिवा लावला. ओंजळ हिरवीगार उजळली. आई वाकून बघत राहिली.

"उगवलं रं, पोरा!"